समजले नाही

१० जुलै

ताई, नमस्कार.

फोनवर मला धड बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. समोरचा माणूस जरा गप्प झाला की आपलेच काहीतरी चुकले असे वाटून मी माफी मागायला लागतो. म्हणून हे पत्र. तू शाळांतल्या डिजिटल कार्यक्रमाची प्रमुख आणि मी तुझ्याच कार्यक्रमातल्या एका शाळेचा संगणक सहायक. तुला असे थेट लिहिणे नियमात बसते की नाही, ठाऊक नाही. मावसभावाचे पत्र म्हणून वाचलेस तर बसेल.

तुम्ही पाठवलेले, बोटाने चालणारे पडदे सगळ्या वर्गांत लागले. टॅबच्या कपाटासाठी शाळेने मला प्रयोगशाळेशेजारची अरुंद खोली दिली आहे. चार्जिंग चालू असले की ती इतकी तापते की मी कपाट आत ठेवून स्वतः दाराबाहेर बसतो. शिक्षकांना शिकवायचेही मीच, असे ठरले आहे. एकेकाळी ज्यांनी मला वर्गाबाहेर उभे केले असते अशी माणसे माझ्यासमोर बाकांवर बसतात आणि मी ‘येथे दाबा’ म्हणतो. दाबत कोणी नाही. शास्त्राचे सर म्हणाले, “तूच दाब रे, तुझ्या बोटाला सवय आहे.”

अडचण गणिताच्या बाईंची आहे. पाठ संपला की मुलांच्या टॅबवर दोन बटणे येतात, ‘समजले’ आणि ‘समजले नाही’. हे शब्द तूच मला तपासायला पाठवले होतेस. त्यात ‘नाहि’ होते, ते मी ‘नाही’ केले, आणि तू म्हणालीस, शाळा अर्ध्यावर सुटली पण वेलांटी काही सुटली नाही. तर सहावीच्या वर्गात बाईंच्या तासाला जवळजवळ निम्मी मुले रोज ‘समजले नाही’ दाबतात, आणि पडद्यावर तो वर्ग लाल दिसतो. तीच मुले शास्त्राच्या तासाला सगळीच्या सगळी ‘समजले’ दाबतात.

मला वाटले, टॅब बिघडले असतील. मी एकेक उघडून पुसला, वायरी बदलल्या. मग शास्त्राच्या तासाचे टॅब गणिताला आणि गणिताचे शास्त्राला दिले. काही फरक नाही. गणित लाल ते लालच.

हेडसरांनी काल मला बोलावले. सत्र संपेपर्यंत वर्ग लाल राहिला तर बाईंकडून तो काढून घेणार आणि त्यांना ग्रंथालयात बसवणार, असा कार्यक्रमाचा नियम आहे, असे ते म्हणाले. बाई मी जन्मलो त्याच्या आधीपासून या शाळेत शिकवत आहेत. असा नियम खरेच आहे का? आणि प्रणालीत काही दोष असेल तर तो कुठे शोधू?

तुझा,
वेलांटी

(शाळेत हे नाव कोणाला माहीत नाही. कृपया माहीत होऊ देऊ नकोस.)


२१ जुलै

वेलांटी,

पत्र मिळालं. दिवसभर पडदे बघून डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, त्यामुळे तुझं ते रेघ मारून लिहिलेलं अक्षर बघून बरं वाटलं. कागदावरच उत्तर देते. इथे टाइप केलेलं सगळं चार जणांना जातं.

नियम आहे, आणि तो मीच केलाय. तेव्हा मी नवी होते. वर्गात पेपर वाचत बसणारे, फळ्यावर उत्तरं लिहून ‘उतरवून घ्या’ म्हणणारे शिक्षक मी पाहिले होते. मला वाटलं, एकदा मुलांच्या हातात बटण आलं की ती बोलतील, आणि मग कोणाला लपता येणार नाही. तो उत्साह आता आठवला तरी दमायला होतं.

तुझ्या बाईंचा वर्ग मला रोज दिसतो. तुमची अख्खी शाळा डॅशबोर्डवर हिरवी आणि मधोमध तो एक लाल चौकोन, दातात अडकल्यासारखा खुपतो. प्रणालीत दोष नाही. अशा शिक्षिका मी प्रत्येक शाळेत बघते. खडू सोडवत नाही, पडद्याचा राग येतो, आणि तो राग मुलांवर निघतो. तू त्यांच्या तासाला जाऊन बस. कुठे अडतंय ते बघ आणि शिकव. वायरी बदलून काही होणार नाही.

सप्टेंबरमध्ये वरून कार्यक्रमाची तपासणी आहे. तोवर मला आणखी एक लाल चौकोन परवडणार नाही, हेही सांगून ठेवते.

मावशीला म्हणावं, औषध वेळेवर घे.

ताई


२ ऑगस्ट

ताई,

आई औषध घेते. तू विचारलेस म्हणून सांगितले, तर म्हणाली, “तिला म्हणावं, आधी स्वतः वेळेवर जेव.”

सांगितल्याप्रमाणे मी बाईंच्या तासाला जाऊन बसलो. दारातच त्यांनी विचारले, “तू तो पडदेवाला ना? बस. पंख्याखाली नको, झोप लागेल.”

पडद्याचा त्यांना राग नाही. त्यांना तो माझ्याइतकाच वापरता येतो, फक्त त्यावर त्या ओला फडका फिरवतात, ते मी थांबवले. पाठ संपला की त्या मुलांकडे पाठ करून खिडकीशी उभ्या राहतात आणि म्हणतात, “मी बघत नाहीये. दाबा.” सगळी दाबून झाली की वळतात, पडद्यावरचा आकडा बघतात. निम्म्या वर्गाला समजलेले नसते. बाई म्हणतात, “बरं झालं सांगितलंत. नाहीतर उद्या मी तशीच पुढे गेले असते.” आणि दुसऱ्या दिवशी तोच पाठ वेगळ्या तऱ्हेने घेतात. कागदाच्या पट्ट्या कापून, कधी मुलांनाच रांगेत उभे करून.

एक मुलगी आहे, बाई तिला टाचणी म्हणतात, कारण ती सारखी टोचते. बटण दाबून तिचे भागत नाही. ती वर हातही करते आणि म्हणते, “बाई, मला कालचं पण नाही समजलं.” कोणी हसत नाही. त्या वर्गात ‘समजले नाही’ म्हणण्यात काही कमीपणा नाही, असे बाईंनी करून ठेवले आहे.

नंतर मी शास्त्राच्या तासाला बसलो. शेवटी सर म्हणाले, “ज्याला समजलं नाही त्याने मधल्या सुट्टीत थांबायचं.” त्यांचे वाक्य संपायच्या आत सगळा वर्ग हिरवा झाला होता.

म्हणजे ताई, लाल वर्गातली मुले खरे सांगतात आणि हिरव्या वर्गातली खेळायला जातात. चाचणीचे गुण मी हेडसरांकडून घेऊन पाहिले. गणितात हीच सहावी सगळ्यांच्या पुढे आहे. बाईंचा वर्ग काढून घेऊ नकोस. एवढेच विचारायचे होते. जास्त लिहिले असेल तर क्षमा कर.

तुझा,
वेलांटी


१७ ऑगस्ट

वेलांटी,

तुझं पत्र मी प्रवासात वाचलं आणि उतरायचं ठिकाण चुकले.

तू म्हणतोस ते खरं असणार. तुला खोटं लिहिता येत नाही, लिहिलंस तरी शुद्ध लिहिशील आणि मला कळेल. पण मी करू काय? चाचणीचे गुण वर्षअखेरीस जोडले जातात, तपासणी त्याआधी आहे. ‘मुले खरे सांगतात’ असा रकाना माझ्याकडे नाही. रंग बघूनच वरचे लोक बोलतात. गेल्या बैठकीत एकाने मला विचारलं, “मॅडम, हे लाल कमी कधी होणार?” मी म्हटलं, प्रयत्न चालू आहेत. हे वाक्य मी आता झोपेतही बोलत असेन.

बाईंना वर्गावरून काढण्याचं पत्र हेडसरांनी तयार करून पाठवलंय. त्यावर माझी सही लागते. मी ते फायलींच्या तळाशी ठेवलंय, पण किती दिवस ठेवणार?

१२ सप्टेंबरला मी तपासणीचे दोन पाहुणे घेऊन तुमच्या शाळेत येतेय. सहावीचा गणिताचा तास बघायचा असं त्यांनीच ठरवलंय, कारण तो एकच लाल आहे. त्या दिवशी वर्ग हिरवा दिसला तर पत्र आपोआप मागे पडेल. मुलांचं त्यांच्या बाईंवर प्रेम आहे हे तुझ्या पत्रावरून दिसतंच.

मी काही सांगितलेलं नाही. तू शहाणा आहेस.

ताई


१६ सप्टेंबर

ताई,

तू आलीस, पण पाहुणे सोबत असल्यामुळे आपले बोलणे झाले नाही. तुझे केस कपाळावर बरेच पांढरे झाले आहेत. आईला सांगितले नाही.

तुला हवे होते ते मी केले. तू सांगितले नव्हतेस, हेही लिहून ठेवतो. आदल्या दिवशी टॅब गोळा करताना मी टाचणीला बाजूला घेतले आणि म्हणालो, उद्या लाल दिसले तर बाईंचा वर्ग जाईल. तिने विचारले, “म्हणजे आम्हाला शास्त्राचे सर?” मी म्हणालो, कदाचित. तिने बाकीच्यांना काय सांगितले मला माहीत नाही.

पुढचे तू पाहिलेस. पाठ अपूर्णांकांच्या भागाकाराचा होता, त्या दिवशी पहिल्यांदाच घेतलेला. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मुलांनी दाबले. बाई वळल्या, तेव्हा पडदा पूर्ण हिरवा होता. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. तू पाहुण्यांकडे पाहत होतीस; मी बाईंकडे पाहत होतो. कोणीतरी भर वर्गात आपल्याला खोटे पाडावे, आणि तेही मायेने, तसा तो चेहरा होता.

तुम्ही गेल्यावर त्या माझ्या खोलीत आल्या. कपाटाच्या उष्णतेत उभ्या राहून म्हणाल्या, “तूच ना?” मी हो म्हणालो. मला वाटले, ओरडतील. त्या म्हणाल्या, “पाच वर्षांचं पोर पडलं तरी सांगतं कुठे लागलंय ते. ही बारा वर्षांची झाली म्हणजे लपवतात. मी ते लपवणं मोडायला किती दिवस घालवले, तुला माहितीये? आता माझा वर्ग राहिला. पण त्यात कोणाला काय येत नाही, ते मला कसं कळणार?”

तेव्हापासून रोज हिरवे आहे. बाई म्हणतात, “पाहुणे गेले, आता खरं सांगा.” कोणी हात वर करत नाही. टाचणीसुद्धा नाही. बाईंना कायमचे वाचवायचे असे मुलांनी ठरवले आहे. मी तिला सांगितले की आता गरज नाही, तर ती माझ्याकडे पाहून म्हणाली, “तुम्ही तेव्हा पण असंच हळू आवाजात सांगितलं होतं.”

मला झोप येत नाही.

वेलांटी


२८ सप्टेंबर

वेलांटी,

झोप मलाही येत नाही, पण मी ते काम समजून करते.

तू लिहितोस की मी पाहुण्यांकडे पाहत होते. खरंय. बाईंकडे पाहायचं मी टाळलं. फाटकापाशी त्यांनी मला गाठलंच. म्हणाल्या, “तुमच्या पाहुण्यांना मिळालं ना हवं ते? मग आता जरा शिकवू द्या.” मी हसले. या नोकरीत असं हसायला येतं.

तुला सांगितलं नव्हतं, आता सांगते. मी त्या वर्गाचा दाखला अहवालात दिलाय. ‘योग्य मार्गदर्शनाने लाल वर्ग एका सत्रात हिरवा’, असं. पाहुण्यांना ते इतकं आवडलं की आता हेच बटण सगळीकडे लावायचं म्हणताहेत. आणखी कितीतरी शाळांत मुलं सुट्टीत खेळायला मिळावं म्हणून ‘समजले’ दाबतील, आणि ते आकडे मी मांडीन.

बाईंचा वर्ग वाचला ना? मग आता राहू दे. थोडे दिवस गेले की मुलं आपोआप पूर्ववत होतील. तू आता यात पडू नकोस, मीही पडत नाही. फार दमलेय रे.

ताई


१९ ऑक्टोबर

ताई,

राहू दिले नाही. रागावू नकोस.

मुले आपोआप पूर्ववत झाली नाहीत. बाईंनी टॅब न घेता तास घेऊन पाहिला, चिठ्ठ्या लिहायला सांगून पाहिले. चिठ्ठ्यांवरही ‘समजले’. एकाने ‘समजल’ लिहिले होते, तेवढे मी टिंब देऊन दुरुस्त केले.

गेल्या सोमवारी बाई माझ्या दाराशी येऊन म्हणाल्या, “अपूर्णांकांचा भागाकार येतो का तुला?” मी म्हणालो, उलटे करून गुणायचे, एवढे आठवते. त्या म्हणाल्या, “ते पोपटालाही येईल. का उलटं करायचं?” मला सांगता येईना. त्या म्हणाल्या, “मग चल. शेवटच्या बाकावर बस. जे समजणार नाही त्याला हात वर करायचा. हळू आवाजात नाही.”

मी गेलो. त्या बाकावर माझे गुडघे मावत नव्हते. बाईंनी फळ्यावर लिहिले, तीन भागिले एक छेद दोन, उत्तर सहा. सगळा वर्ग मान डोलवत होता. शाळेत असताना काही समजले नाही की यायचे ते जुने दडपण मला जसेच्या तसे वाटले. मी हात वर केला.

“बोल.”

मी म्हणालो, “बाई, भागल्यावर कमी व्हायला पाहिजे. वाढलं कसं?”

मागे वळून सगळी माझ्याकडे पाहू लागली. पडदे लावणारा, टॅब दुरुस्त करणारा, आणि याला भागाकार येत नाही. एक-दोघे हसलेही. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “बरं झालं विचारलंस. आणखी कोणाला असं वाटतं?”

टाचणी पुटपुटली, “मला पहिल्या दिवसापासून वाटतंय.” तिने हात वर केला, आणि मग बाकांमधून एकेक हात वर येत गेला. बाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. त्यांना बसून शिकवताना मी प्रथमच पाहिले.

त्या दिवसापासून मी रोज जातो. तीन फुटांच्या दोरीत अर्ध्या फुटाचे सहा तुकडे असतात, हे मला आता कळले आहे. वर्ग पुन्हा लाल झाला आहे. हेडसरांनी जुने पत्र नवीन तारीख घालून तुझ्याकडे पाठवले आहे. एव्हाना तुझ्या टेबलावर आले असेल. तुला काय करता येईल ते मला माहीत नाही. काही कर, असे मी या वेळी हळू लिहीत नाही.

वेलांटी


९ नोव्हेंबर

वेलांटी,

सही केली नाही.

पत्रावर ‘नामंजूर’ लिहिलं आणि वर कळवलं की अहवालातला तो दाखला खोटा आहे, त्या दिवशी मुलांनी बाईंना वाचवायला ‘समजले’ दाबलं होतं, ते माझ्या सुचवण्यावरून घडलं, आणि आकडे खरे धरायचे तर आधी नियम काढा. एका पानात मावलं. इतकी वर्षं मी जाडजूड अहवाल लिहीत होते.

बैठकीत त्यांनी माझ्यावर फार बोलायची वेळ आणली नाही. नियम काढायचा की नाही याचा विचार होईल. तोवर कोणालाही वर्गावरून काढायचं नाही, असं ठरलं. बाईंना सांग, निदान हे वर्ष मिळालं. माझी खुर्ची मात्र दुसऱ्याला दिली. मी मूळची शिक्षिकाच, त्यामुळे पुढच्या आठवड्यापासून मला एका शाळेवर पाठवताहेत. पाचवी. गणित.

मला भीती वाटतेय. वर्गात उभं राहून किती काळ लोटला, हे मोजायचीही हिंमत नाही. मी शिक्षकांना शिकवायला शिकवत होते, आणि आता मला साधं आठवत नाही की मुलांसमोर पहिलं वाक्य काय बोलतात. बाईंना विचारशील, पहिल्या दिवशी त्या काय करतात? माझं नाव सांगू नकोस. नाहीतर सांग.

ताई


१५ नोव्हेंबर

ताई,

नाव सांगितले. बाईंना वर्ष मिळाल्याचेही सांगितले. त्या ‘हं’ म्हणाल्या आणि फडका धुवायला गेल्या. परत आल्यावर तुझा प्रश्न विचारला. मला वाटले, विचार करून काही मोठे सांगतील, म्हणून मी वही उघडून बसलो होतो.

म्हणाल्या, “तिला सांग, पाणी जवळ ठेव. पहिल्या आठवड्यात घसा बसतो.”

मी म्हणालो, आणखी?

“इतकी वर्षं खुर्चीवर होती ना? पाय दुखतील. चपला मऊ घे म्हणावं.”

मी हे दोन्ही जसेच्या तसे लिहिले आहे. आई म्हणते, जेवायचेही लिही.

आज त्रैराशिक सुरू झाले. निम्म्या वर्गाला समजले नाही. त्यात मला धरलेले नाही, कारण माझ्याकडे टॅब नसतो.

तुझा,
वेलांटी